तीन खाचांची अवजारं

समजा, तुमच्या हातात कुणी एक जुना लाकडी रंधा ठेवला. तळ घासून घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला, पात्यावर तपकिरी गंज, आणि मागे जिथे अंगठा टेकतो तिथे एक खळगा. तो खळगा कुणी कोरलेला नाही. चाळीस वर्षं एकाच माणसाचा अंगठा तिथे टेकत होता, म्हणून पडला. तुम्ही सुतार नाही. तुमच्या घरात आता कुणीच सुतार नाही. रंधा टाकवत नाही, ठेवायला जागा नाही, आणि तो कुणाला हवाय तेही माहीत नाही. आता या एका रंध्याच्या जागी एकशे त्रेचाळीस अवजारं धरा. वाकस, पटाश्या, करवती, गिरमिटं, कुऱ्हाडी, कानशी. एप्रिल संपायच्या आत यांचं काय कराल?

दूर दक्षिणेकडच्या लेमुय बेटावरच्या पुयिल्को गावात झुनिल्दा नाउएल्किन हाच प्रश्न घेऊन बसली होती. वय अडुसष्ट, अंगाने बारीक, खांदे मात्र रुंद. ते खांदे करवतीने घडवलेले होते. तिचा नवरा ओनोफ्रे होड्या बांधायचा आणि छपरांची लाकडी कौलं पाडायचा. ओंडके चिरायच्या करवतीला दोन टोकं असतात. एक ओनोफ्रेच्या हातात असायचं, दुसरं झुनिल्दाच्या. लग्न झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने ते धरलं आणि यांत्रिक करवत गावात येईपर्यंत सोडलं नाही. "आमचं भांडण झालं तरी लाकूड सरळच चिरलं जायचं," असं ती सांगे. "कारण भांडायला दम लागतो, आणि तो करवत घ्यायची."

ओनोफ्रेला जाऊन दोन हिवाळे झाले होते. त्याची शेड किनाऱ्यावर, लाकडी खांबांवर उभी होती. भरतीला पाणी तिच्याखाली येई. त्या मार्चमध्ये गावातल्या पुरुषांनी ओहोटीला खाली जाऊन खांब ठोकून पाहिले. समुद्राच्या बाजूचे दोन खांब किड्यांनी आतून पोखरून टाकले होते. तिथला हिवाळा जूनमध्ये सुरू होतो, त्या वाऱ्यात शेड जाणार हे नक्की होतं. ती अवजारांसकट समुद्रात पडण्यापेक्षा आपण उतरवू, असं ठरलं. एप्रिलचा शेवटचा शनिवार. त्या दिवशी सगळं गाव येणार, शेड सुटी करणार. त्याआधी ती रिकामी हवी.

झुनिल्दाचं घर म्हणजे एक स्वयंपाकघर, एक खोली आणि भिंतींतून झिरपणारा ओलावा. त्या ओलाव्यात पोलाद एका हिवाळ्यात गंजून जातं. मुलगी नोल्विया पुएर्तो मोन्त शहरात दवाखान्यात नोकरी करायची. तिने फोनवर दोन मिनिटांत निकाल लावला.

"आई, दर गुरुवारी फेरीबोटीने भंगाराचा ट्रक येतो ना? देऊन टाक."

"तुझ्या बापालाही देऊन टाकायचं होतं. तोही तेवढाच जुना होता."

"असं काय बोलतेस गं! लोखंड आहे ते."

"पोलाद आहे. लोखंडाला धार राहत नाही. एवढं तरी शिकली असतीस त्याच्याकडून."

"मग तूच ठेव पलंगाखाली!"

"ठेवते," म्हणत झुनिल्दाने फोन ठेवला. मग पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे बटाट्यांचं बियाणं होतं.

दुसरा मार्ग चालत आला. राजधानी सान्तियागोहून आलेल्या रेनातो एचेनिकेने गावातल्या जुन्या धान्यकोठारात सहा खोल्यांची खानावळ काढली होती. गाव त्याला नावाने हाक मारत नसे, 'सान्तियागोवाला' म्हणे. तो दारात येऊन अदबीने म्हणाला, "बाई, सगळा संग्रह मी घेतो. एकही वस्तू मागे ठेवणार नाही. चांगले पैसे देईन."

'संग्रह' हा शब्द झुनिल्दाला आवडला. ओनोफ्रेच्या पसाऱ्याला इतकं चांगलं नाव कुणी दिलं नव्हतं. ती जागा बघायला गेली. त्याने कॉफी दिली. भिंतीवर करवती पंख्यासारख्या मांडल्या होत्या, सगळ्यांवर चकचकीत वार्निश, दातांवरसुद्धा. एका कोनाड्यात रंधा उभा केला होता आणि त्याच्या तोंडात वाळलेली फुलं खोचली होती.

"याचं पातं कुठंय?" झुनिल्दाने विचारलं.

"काढून टाकलं. पाहुण्यांच्या हाताला लागायला नको."

झुनिल्दाने अर्धी कॉफी तशीच ठेवली. उठताना तिने पाहिलं की खानावळीचा मागचा दरवाजा चौकटीला घासतो आणि तिथली कामवाली बाई तो खांद्याने ढकलून उघडते. भिंतीवर अकरा अवजारं होती, आणि दरवाजा उघडत नव्हता.

"नाही म्हणून आले," तिने शेजारच्या एदुविनाला सांगितलं.

एदुविना कोलिवोरो तिची पन्नास वर्षांची मैत्रीण. दुपारी दोघी चुलीजवळ बसून वाळक्या भोपळ्याच्या एकाच पेल्यातून माते, म्हणजे कडवट पानांचा गरम काढा, प्यायच्या. एदुविनाच्या तोंडाला लगाम नव्हता आणि तिला तो नकोही होता.

"मग काय करणार? समुद्राला देणार?"

"हात शोधणार. प्रत्येकाला एक हात."

"एकशे त्रेचाळीस हात? बाई, या गावात माणसंच नव्वद उरलीत. त्यातल्या निम्म्यांना चमचा धरता येतो, बास."

"एकशे बेचाळीस," झुनिल्दा म्हणाली. "त्या एकाला सोडून."

ते एक अवजार सगळ्यांत शेवटी सापडलं होतं. शेडमध्ये नाही, घरात. ओनोफ्रेच्या कपड्यांच्या पेटीत तळाशी, लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेलं, तेल लावलेलं. बोटभर लांबीचं आत वळलेलं पातं, आणि लूमाच्या कठीण लाकडाची मूठ. मुठीच्या टोकाला तीन खाचा. ओनोफ्रे स्वतः घडवलेल्या प्रत्येक दांड्यावर त्या तीन खाचा पाडायचा, म्हणजे ते त्याचंच काम होतं. पण मुठीतला अंगठ्याचा खळगा उलट्या बाजूला होता. ती मूठ फक्त डाव्या हातात बसत होती, आणि तोही लहान हात. ओनोफ्रे उजवा होता, त्याचा पंजा फावड्याएवढा. झुनिल्दाही उजवीच. पात्यावर धार लावल्याच्या बारीक रेघा अजून ताज्या दिसत होत्या. ते एकदाही लाकडाला लागलेलं नव्हतं.

"असेल कुणीतरी पलीकडच्या किनाऱ्यावर," एदुविना डोळा मिचकावत म्हणाली. "डावखुरी."

"त्याला उजव्या बायका झेपत नव्हत्या, डावखुरी कुठली झेपणार!" झुनिल्दा हसली. पण फडकं तिने परत नीट गुंडाळलं.

मग तिला मेदान सुचला. पुयिल्कोत कुणाला काही कमी पडलं की तो मेदान घालतो. कोंबड्यांचा मेदान म्हटलं की येणारा प्रत्येक जण एक कोंबडी घेऊन येतो, बटाट्यांचा म्हटलं की बटाटे. घरधनी त्या दिवशी सगळ्यांना पोटभर जेवू घालतो आणि त्याचा संसार मार्गी लागतो. झुनिल्दाने ठरवलं, आपण उलटा घालायचा. लोकांनी यावं, जेवावं आणि जाताना हाताला बसेल ते अवजार न्यावं.

बेटावरचे निरोप रेडिओवरून जातात. कोण कुठल्या बोटीने येतोय, कुणाची गाय हरवलीय, सगळं सकाळी सातला वाचून दाखवतात. निरोप छोटा द्यावा लागतो. झुनिल्दाने दिला आणि निवेदकाने वाचला: "पुयिल्कोच्या झुनिल्दा नाउएल्किन येत्या रविवारी अवजारांचा मेदान घालत आहेत. सर्वांनी यावे."

तिने डुक्कर मारलं. दोन दिवस बटाटे किसले, पिळले, त्यांच्या जाड पोळ्या थापल्या. चिचा, म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू, एदुविनाकडून आली. रविवारी सकाळी तिने सगळी अवजारं अंगणात फळ्यांवर ओळीने मांडली. गंज विटेच्या भुकटीने घासून काढला होता. धारा तिने स्वतः लावल्या होत्या. ओनोफ्रे धार लावायचा तेव्हा दगडावर पाणी तीच ओतायची, त्यामुळे पातं किती कलतं धरायचं हे तिच्या मनगटाला पाठ होतं.

अकरा वाजता सेगुन्दो रेमोल्कोय आला. मासेमार, पन्नाशीचा, गळ्याएवढे जाड दंड. त्याच्या खांद्यावर गोणपाटात काहीतरी होतं.

"घ्या बाई. आमच्या बाबांचा वाकस. उगाच पडून होता. आता सगळ्या होड्या फायबरच्या, आम्ही काय करणार याचं? तुमच्या जावयाने सुतारकी सुरू केली म्हणे. चांगलं झालं."

"माझ्या जावयाने?" झुनिल्दाला काही कळेना. तेवढ्यात मागून मास्तरीण एल्सिरा आली, तिच्या पिशवीत दोन पटाश्या आणि दांडा मोडलेला हातोडा. त्यांच्या मागे एक बाई अर्धी करवत घेऊन. तिसऱ्या माणसाच्या बगलेतली कुऱ्हाड पाहिली तेव्हा झुनिल्दाच्या लक्षात आलं.

ती एदुविनाकडे वळली. एदुविना ओट्यावर बसून हसत होती, इतकी की चिचा तिच्या नाकातून आली.

"हसतेस काय! सांग त्यांना!"

"काय सांगू? मेदान म्हणालीस ना?"

"मी द्यायचा म्हणाले होते!"

"देण्याचा मेदान आजवर घातलाय कुणी? अवजारांचा मेदान म्हटल्यावर गाव अवजारं आणणार, कोंबड्या थोड्याच आणणार!"

मेदानाला आणलेली वस्तू नाकारणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर दार लावणं. झुनिल्दा हसून घेत गेली, "किती केलंत हो" म्हणत गेली. दुपारी एकपर्यंत सत्तेचाळीस अवजारं आली. प्रत्येक जण मोकळा झाल्यासारखा दिसत होता. घरात वर्षानुवर्षं पडलेली, टाकवत नव्हती अशी वस्तू अखेर चांगल्या ठिकाणी लागली होती. सान्तियागोवालासुद्धा आला. तो दुकानातून प्लॅस्टिकच्या मुठींचा स्क्रूड्रायव्हरचा संच घेऊन आला होता, किमतीच्या चिठ्ठीसकट.

लोक जेवायला बसले तेव्हा झुनिल्दा अंगणात गेली. नवी आलेली अवजारं तिने एकेक उलटून पाहिली. सेगुन्दोच्या वाकसाच्या दांड्याला टोकाशी तीन खाचा. मास्तरणीच्या एका पटाशीला तीन खाचा. कुऱ्हाडीला तीन खाचा. तिने मोजलं, सत्तेचाळीसांतल्या एकोणतीसांना. हिवाळ्यात काम नसलं की ओनोफ्रे लोकांच्या मोडक्या अवजारांना दांडे बसवून द्यायचा. चुलीजवळ बसून लूमाचं लाकूड तासायचा, काचेच्या तुकड्याने खरवडायचा, आणि शेवटी डुकराच्या चरबीने पुसायचा. घरभर तो वास असायचा. आता ते सगळं त्याच्याच अंगणात परत आलं होतं, आणि आणणाऱ्यांना सुटल्यासारखं वाटत होतं.

ती लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसली. नोल्विया म्हणाली तेच खरं होतं की काय? गावालाच ही नको असली तर तिने कुणाचे हात शोधायचे? शनिवारला सहा दिवस उरले होते. तिच्या डोळ्यासमोर वार्निश लावलेले करवतीचे दात आले.

एदुविना मागून आली. या वेळी तिने काही टोमणा मारला नाही. पुढे फक्त एक ताट धरलं. "मांस उरतंय बघ. योको कुणाकुणाला पाठवायचा?"

डुक्कर मारलं की शेजाऱ्यांना त्यातला वाटा जातो, तो योको. योको कुणी नाकारत नाही. आणि तो फुकटही नसतो. घेणाऱ्याने आपलं डुक्कर मारलं की वाटा परत आलाच पाहिजे. न आला तर गाव वर्षभर आठवण करून देतं.

झुनिल्दाने ताटाकडे पाहिलं, मग फळ्यांकडे.

"सगळ्यांना," ती म्हणाली आणि उठली.

पहिला निघाला तो सेगुन्दो. तिने त्याला दारात अडवलं. "हात दाखव."

"काय?"

"तळवा रे. वर कर." तिने त्याचा तळवा बोटाने दाबून पाहिला, मनगट उलटंपालटं केलं, आणि फळीवरून ओनोफ्रेचा मोठा वाकस उचलून आणला. ताटात बटाट्याच्या दोन पोळ्या, वर मांसाचा तुकडा, आणि आडवा वाकस. "हा तुझा योको."

"अहो बाई, मी वाकस देऊन चाललोय आणि तुम्ही मला वाकसच देताय!"

"तू दिलास तो घेतला. हा माझ्या घरचा वाटा आहे. नाही म्हणतोस?"

सेगुन्दोने इकडेतिकडे पाहिलं. मागे रांग उभी होती, सगळे ऐकत होते. "नाही कसं म्हणणार..." तो पुटपुटला. "पण परत काय करायचं? मी डुक्कर पाळत नाही."

"याने केलेलं काहीतरी आणून दे. काहीही. लाकडाचं असलं म्हणजे झालं."

"मला जमत नाही हो ते. बाबांना यायचं."

"तुझे बाबा पण सुरुवातीला वेडंवाकडंच करायचे. ओनोफ्रे हसायचा त्यांना."

"खरंच?" सेगुन्दोने विचारलं, आणि पहिल्यांदाच वाकस नीट हातात धरला.

मग ती एकेकाचा हात बघत गेली. मास्तरणीची बोटं लांब आणि बारीक होती, तिला लहान गोल पटाशी. करवत घेऊन आलेल्या बाईचं मनगट मजबूत होतं, तिला कौलं पाडायचं पातं. कुणाला झुनिल्दाने आधी एक दिलं, हातात तोलायला लावलं, परत घेतलं आणि दुसरं दिलं. "हे नाही, हे तुला ओढेल." प्रत्येकाला तिने आधी डावा हातही दाखवायला लावला. कपड्यांच्या पेटीतलं ते अवजार तिच्या एप्रनच्या खिशात होतं. ते कुणालाच बसलं नाही.

सान्तियागोवाल्याला तिने ओनोफ्रेच्या अंगठ्याचा खळगा पडलेला तो रंधा दिला, पात्यासकट.

"मी याने काय करू, बाई?"

"तुमचा मागचा दरवाजा घासतो. आणि पातं काढलंत तर मला कळेल."

"कसं कळेल?"

"दरवाजा घासतच राहील."

त्या रविवारी बावन्न अवजारं गेली. अजूनही उरली होती एकशे अडतीस. शुक्रवारपर्यंत झुनिल्दाने ती निवडली. ज्यांचं पोलाद संपलं होतं, पात्याला खड्डे पडले होते, तिथे तिने मन घट्ट केलं. ती साठ-पासष्ट गुरुवारच्या ट्रकमध्ये गेली. "ही आता लोखंडच झालीत," तिने नोल्वियाला फोनवर सांगितलं. बाकीच्यांना डुकराची चरबी फासून तिने खोक्यांत भरलं. निम्मी खोकी बियाण्याच्या बटाट्यांशेजारी, निम्मी एदुविनाकडे.

"नवरा गेल्यापासून माझ्या पलंगावर कुणी नव्हतं," एदुविना गावभर सांगत सुटली. "आता पलंगाखाली करवती झोपतात. घोरत नाहीत, तेवढं बरं."

शनिवारी गावाने शेड उतरवली. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर नुसते खांब उरले. झुनिल्दा तिकडे पाठ करून भांडी घासत होती.

जूनमध्ये पहिला योको परत आला. सेगुन्दोने एक वल्हं आणलं. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा जाड होती. "होडी गोल फिरते याने," तो स्वतःच म्हणाला. झुनिल्दाने ते दारामागे उभं केलं. मास्तरणीने चमचा आणला. झुनिल्दा रोज त्यानेच रस्सा ढवळायला लागली. एकाने गिरमीट परत आणून दिलं, मला नाही जमत म्हणाला. तिने त्याचा हात पुन्हा पाहिला आणि खोक्यातून कानस काढून दिली. ऑगस्टपर्यंत बावन्नांपैकी एकोणीस आले. बाकीच्यांना ती रविवारी चर्चच्या पायरीवर विचारते, "माझा योको कुठंय?" काही जण आता दुसऱ्या दाराने बाहेर पडतात.

सान्तियागोवाला एक कागदी पिशवी घेऊन आला. आत लाकडाच्या कुरळ्या, लांब ढलप्या होत्या.

"दरवाजा आणता येत नाही ना," तो म्हणाला. त्याच्या उजव्या अंगठ्याला फोड आला होता.

झुनिल्दाने एक ढलपी उजेडात धरली. सुरुवातीच्या जाडजूड आणि तुटक्या होत्या, तळाशी असलेल्या मात्र सलग, पातळ, आरपार दिसणाऱ्या. माणूस शिकत गेला होता. तिने मूठभर चुलीत घातल्या. एकाच काडीत पेटल्या आणि स्वयंपाकघरभर सिप्रेसच्या लाकडाचा वास पसरला. दोन हिवाळ्यांत तो वास त्या घरात आला नव्हता. मग तिने त्याला बसायला सांगितलं आणि माते ओतला.

"बाई, एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांचा डावा हात का बघता?"

तिने खिशातून ते फडकं काढलं आणि टेबलावर उलगडलं. तेल अजून ओलसर होतं, दर पंधरवड्याला ती लावते. तिने ते त्याच्या हातात दिलं. त्याने डाव्या मुठीत धरून पाहिलं, त्याची बोटं मावली नाहीत.

"कशासाठी आहे हे?"

"कुणी म्हणतं चमच्याचा खळगा काढायला. कुणी म्हणतं होडीच्या फटी साफ करायला. ते कळेल कधीतरी, वापरलं की कळतं." तिने अवजार परत घेतलं आणि तीन खाचांवरून अंगठा फिरवला. "पण एवढ्या मेहनतीने घडवलं, धार लावली, आणि ज्याच्यासाठी केलं त्याला दिलंच नाही. माझ्यापासूनही लपवून ठेवलं. बाकी सगळ्यांना मी हात शोधतेय हो. याचा हात तर त्याने आधीच शोधला होता." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या खानावळीत बाहेरगावचे लोक येतात ना? त्यांच्यात कुणी डावखुरं असतं का, लहान हाताचं, ज्याने कधीतरी ओनोफ्रे मिस्त्रीचं नाव ऐकलंय?"